स्टोमा म्हणजे तोंड

माझ्या आईला दोन तोंडं होती.
एक चेहऱ्यावर. दुसरं पोटावर, बेंबीच्या डावीकडे.

आज पहाटे ती गेली. रडून झालंय. आता तिच्याबद्दल सांगते.

आई परळच्या एका मराठी शाळेत सायन्स शिकवायची. अख्खी चाळ तिला ‘बाई’ म्हणायची. बाबासुद्धा.

बाबा विणकर. संपात मिल बंद पडली ती त्यांच्यासाठी पुन्हा उघडलीच नाही. मग आईच्या पगारावर घर चाललं. त्यातच तिच्या आतड्यात कॅन्सर निघाला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टरने पेनाने तिच्या पोटावर गोल काढला.
“बाई, इथे तुमचा स्टोमा येणार.”
“स्टोमा? तो तर पानाला असतो!”
“पानाचं मला माहीत नाही. हा तुमचा.”

आई हसली. कॅन्सर कळल्यापासून पहिल्यांदा.

मग मला पलंगाशी बसवून शिकवायलाच लागली. मूळ शब्द ग्रीक. अर्थ, तोंड. पानावरची बारीक छिद्रं, ज्यातून झाड हवा आत-बाहेर करतं, ती पर्णरंध्रं, म्हणजे स्टोमाटा. आणि डॉक्टर आतड्याचं टोक पोटावर काढून जी वाट करतात, तिलाही स्टोमाच म्हणतात.

“एक असेल तर स्टोमा, अनेक असतील तर स्टोमाटा. झाड अनेकवचनी. मी एकवचनी!”

असले विनोद करायची.

पण घरी आल्यावर हसू गेलं.
पोटावर कायमची पिशवी. दहा बाय बाराची खोली. संडास चाळीचा, कॉमन. बाहेर बायकांची रांग, आत आई पिशवी धुतेय.
कोणीतरी बोललंच, “वास येतो हो.”

आईने बाहेर पडणं बंद केलं. बाबांनी मोरीला आडोसा करून दिला.

रजा संपली. हेडसर घरी आले. माणूस चांगला होता.
“बाई, तुम्ही लायब्ररी सांभाळा. वर्गात मुलं हसतील.”
आईने कपाटातून सायन्सचं पुस्तक काढलं.
मग म्हणाली, “हसू देत. हसून झालं की शिकवीन.”

पहिलाच तास आमच्या नववीवर. मी दुसऱ्या बाकावर.

आणि व्हायचं तेच झालं. ती फळ्याकडे वळली आणि पोटातून आवाज आला. मोठा. त्याला थांबवणं तिच्या हातात नव्हतं.
मागच्या बाकांवर हशा फुटला. मी मान खाली घातली. वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

आईने फळ्यावर लिहिलं, स्टोमा.

“आवाज इथून आला,” पदरावरून पोटावर हात ठेवून म्हणाली. “माझं आतडं आजारी होतं. डॉक्टरांनी तेवढं कापलं आणि मला इथे नवी वाट करून दिली. म्हणून मी आज तुमच्यासमोर उभी आहे.”

मागच्या बाकांवरचे पुढे वाकून बघू लागले.

एका मुलीने हात वर केला. “बाई, दुखतं का?”
“नाही. हात लावला तरी दुखत नाही.”
“बंद करता येतं?”
“पानाला येतं. कडेच्या दोन पेशी फुगतात, वाट उघडते. सैल पडतात, मिटते. मला तेवढी सोय नाही. आता सांगा, ही रंध्रं पानाच्या कुठल्या बाजूला जास्त?”
“खालच्या!” मागच्या बाकावरून आलं.
“का?”
आणि तास सुरू झाला.

तेव्हा मी मान वर केली. ही माझी आई आहे, असं ओरडून सांगावंसं वाटलं. सगळ्यांना माहीतच होतं, तरीही.

त्यानंतर दर शनिवारी शाळा सुटली की ती हॉस्पिटलला जायची. ज्यांचं असं ऑपरेशन व्हायचं असेल, त्यांच्याशी बोलायला. कोणी सांगितलं नव्हतं.

एकदा मी बरोबर होते. शिवडीच्या कोळीवाड्यातली एक मावशी भिंतीकडे तोंड करून झोपलेली. ऑपरेशनला साफ नकार.
“मी म्हावरं इकतंय गो बाय. पोटाला ती पिशवी बांधून बाजारान कशी बसू? गिऱ्हाईक पलून जाईल.”

आई तिच्याशी इकडचं तिकडचं बोलत राहिली. पापलेटचा भाव, मुलं, नवऱ्याची होडी. मग हळूच विचारलं,
“मावशी, इतका वेळ तुमच्याजवळ बसलेय. वास आला कसला?”
“नाय.”
आईने पडदा ओढला आणि पदर बाजूला केला.

मावशी उठून बसली. बघत राहिली.
“लाल हाय. तोंडावानी.”
“तोंडच आहे. नावच तसं आहे त्याचं.”

मावशीने ऑपरेशन करून घेतलं. पुढे कितीतरी वर्षं बाजारात बसली, तोच पाट, तीच जागा. अशी किती माणसं आईने उभी केली, मला खरंच माहीत नाही. तिने कधी मोजली नाहीत.

स्वतः तीस वर्षांहून जास्त जगली. शिकवत रिटायर झाली. माझ्या लग्नात नाचली. नातवंडांना कडेवर घेतलं, उजव्या कडेवर. आणि शेवटी गेली ती हार्टने. कॅन्सरला काही जमलं नाही.

काल आयसीयूत फाइल लिहीत बसलेल्या एका तरुण डॉक्टरने विचारलं, “यांचा स्टोमा कधीपासून आहे?”
म्हटलं, “तुम्ही जन्मला नव्हतात, तेव्हापासून.”
तो पोरगा चक्क उभा राहिला.

आज ती गेल्यावर पिशवी काढून नुसती पट्टी लावायला आलेल्या सिस्टरला बाबांनी थांबवलं. कोमट पाण्याने पुसून, स्वतः नवी पिशवी लावली.
मी म्हटलं, “बाबा, आता कशाला?”
“बाई घराबाहेर कधी तशीच गेली नाय.”

अंत्ययात्रा दुपारी चार वाजता, राहत्या घरून.

आई, तुझी मुलगी म्हणून मान ताठ आहे.
तुला अखेरचा जय भीम.