आंटींच्या दारातली गेता

लेक कॉरिडॉरमध्ये धपकन पडली, मी धावले, तिला काही लागलं नव्हतं, पण तिच्या पायातल्या लाकडी चपलेचा खालचा दात निखळून पार लिफ्टपर्यंत घरंगळत गेला होता, आणि ती चप्पल आमची नव्हती.

"मम्मा, आय नेव्हर ब्रेक, लाह! इट ब्रेक बाय इटसेल्फ!"

शेजारच्या चिनी आंटींची होती ती. म्हणजे त्यांच्या वारलेल्या नवऱ्याची. तो तरुणपणी जपानला कामाला होता, तिथून आणलेली. आंटी रोज सकाळी ती जोडी पुसून दारात ठेवायच्या, घरात माणूस आहे असं वाटावं म्हणून. आणि त्या आत्ता दवाखान्यात गेल्या होत्या, चार वाजता येणार होत्या.

या परक्या देशात मला आंटींशिवाय होतं कोण? इथं चोआ चू कांगच्या वस्तीत राहायला आलो तेव्हा लेक तीन महिन्यांची, हे दिवसभर ऑफिसात, मी नववीपर्यंत शिकलेली, इंग्लिश म्हणजे यस आणि नो. मी अंघोळीला गेले की आंटी बाळ घेऊन बसायच्या. पहिल्यांदा त्यांच्या दारात ती जोडी बघितली ना, तेव्हा मला वाटलं पादुकाच आहेत, मी आपली चप्पल काढून हात जोडले. आंटी बाहेर येऊन पोट धरून हसल्या. "नो प्रे, नो प्रे! शूज!" मग कॅलेंडरच्या कागदावर त्या चपलेचं नाव चार इंग्लिश अक्षरांत लिहून दिलं. मी घरी ह्यांना म्हटलं, "चप्पलेला गीता म्हणतात हो इथं."

"अगं, गीता नाही, गेता. जपानी खडावा म्हण."

खडावा म्हटल्यावर मला एकदम दादांचा रंधा ऐकू आला. माझे वडील सुतार, गावच्या मठासाठी खडावा करायचे, आणि मी भुशात बसून सोललेल्या सालींच्या बांगड्या घालायचे.

तर त्या दिवशी मी लेकीला कडेवर घेतलं आणि खाली चपलांच्या दुकानात पळाले. तशीच नवी आणून ठेवू म्हटलं. "गेता, गेता" करत होते. दुकानातल्या मलय बाईंनी हसून रबरी सपातांचा ढीगच काढला. त्यांच्यात गेताह म्हणजे रबर! पाटीवर लिहिलेलं दाखवलं त्यांनी, शेवटी एक अक्षर जास्त, बस्स. मला रडूच आलं.

घरी येऊन दादांना व्हिडिओ कॉल लावला.

"रडतीस काय येड्यावानी? उलटी करून दाव. अजून जवळ. हां. बाय माझी, ही तर आपल्या खडावाची बहीण की गं! खिळा हाय का कुठं?"

"नाही."

"मग तू पण ठोकू नको, लाकूड चिरंल. दात खाचेत बसवलाय, वाळून ढिला झालाय. घरात भात हाय?"

"दादा, जेवायचं काय काढलंय?"

"अगं, भात वाट, त्याची खळ लाव. वर पाटा ठेव."

"पाटा कुठला इथं!"

"मग कुकर ठेव पाणी भरून. सायबाच्या देशात गेली तरी कुकर असंल का नाही?"

दात बसला. एका कडेला कपचा उडाला होता, तिथं आइस्क्रीमची काडी घासून भरली, वर चहाचं पाणी लावलं, रंग मिळावा म्हणून. तीन तास कुकर ठेवून मी त्याच्यासमोर बसून होते. चारला पाच कमी असताना जोडी दारात ठेवली.

आंटी आल्या. रोजच्यासारखी पायाने जोडी नीट सरळ केली. लेकीला बिस्किट दिलं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "आंटी, टी?"

"कॅन, कॅन," त्या म्हणाल्या, म्हणजे चालेल.

नंतर रोज ठरवायचे, आज सांगते. मग त्यांच्या मुलीने त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, हौगांगला, आपल्या घरी नेलं. ती जोडी टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातलेली, आणि ती पिशवी त्यांनी माझ्याच हातात दिली, दुसऱ्या कुणाकडे नाही. नवव्या मजल्यावरून खाली येईपर्यंत लिफ्टमध्ये आम्ही दोघीच. मी पिशवी छातीशी धरून मजल्यांचे आकडे मोजत राहिले.

आता शेजारचं दार रिकामं असतं. आंटींचा रविवारी फोन येतो. लेकीला विचारतात किती उंच झालीस, आणि मला सांगतात, अंकलची चप्पल इथंही दारात ठेवते. मला वाटतं, भाताची खळ ती, किती टिकेल? एखाद्या सकाळी पुसताना दात त्यांच्या हातात येईल. त्यांना वाटेल, आपल्याच हातून तुटली, त्याची शेवटची वस्तू. आणि सांगितलं तर इतके दिवस मी गप्प होते हेही कळेल.

उद्या रविवार आहे. तुम्ही माझ्या जागी असता तर सांगितलं असतं का हो?