अप्पांचा चौकोन

सकाळी एका हातात कॉफीचा टंबलर असतो आणि दुसऱ्या हाताने मी लॅपटॉप उघडते. नवरा लगेच म्हणतो, "झालं, बघ आतां अप्पा जागेवर आहेत की नाहींत तें." चेष्टा करतो, करू दे. माझा जीव टांगणीला लागलेला असतो, त्याचा नव्हे.

मी तंजावुरात एका कॉलेजात भूगोल शिकवते. रात्री उपग्रहातून टिपलेली दिव्यांची चित्रं हा माझा विषय. महिन्याभरातल्या निरभ्र रात्री एकत्र करून एक चित्र तयार होतं आणि ते कोणालाही बघता येतं. पडद्यावर ते लावलं की एरवी कुजबुजणारा वर्गही गप्प होतो. तंजावूर म्हणजे एक पांढरा गोळा, त्यातून तिरुच्चीकडे आणि कुंभकोणमकडे निघालेले उजेडाचे धागे, आणि कावेरी काळी कुळकुळीत. पुदुकोट्टैच्या कोरड्या मुलखात ठिपके लांब लांब, कारण पाणी जिथे तिथेच वस्ती. आमच्याकडे पाटापाटाला पाणी, म्हणून मूठभर तांदूळ फेकावेत तशी गावं. माणसं कुठे वसली आणि का, हे इतकं उघड दुसरीकडे कुठेच दिसत नाही, असं मी दर वर्षी वर्गात सांगते.

चित्र मोठं करत गेलं की ते चौकोनांत फुटतं. एका चौकोनात अख्खं लहानसं गाव, त्याचं तळं आणि वर थोडी शेतं मावतात. ओरत्तनाडुच्या बाजूच्या अशा एका चौकोनात माझे वडील एकटे राहतात.

तंजावूरच्या मराठी राजांच्या काळात अन्नछत्राच्या कामासाठी येऊन राहिलेल्या मराठी घरांची एक गल्ली आहे तिथे. अप्पांची सगळी नोकरी वीजखात्यात झाली. गावोगावी तारा पोचवणारा हा माणूस स्वतःच्या घरात मात्र एका वेळी एकच बल्ब लावू द्यायचा. आम्ही स्वयंपाकघरात जेवायला बसलो की अभ्यासाच्या खोलीत अंधार. आई वैतागायची, पण अप्पांचं एकच म्हणणं, "माणूस नाहीं तिथें लाइट कशाला?" माझं सगळं शास्त्र याच वाक्यावर उभं आहे, फक्त उलट्या बाजूने. जिथे दिवा, तिथे माणूस.

आई गेल्यापासून ते एकटे आहेत. मागे एकदा चक्कर येऊन विहिरीपाशी पडले, आणि मला ते कळलं दुसऱ्या दिवशी. कारण दिवेलागणीनंतर ते फोनही बंद करून ठेवतात. माणूस झोपला की फोनने कशाला जागायचं! तेव्हापासून मी त्यांच्या मागे लागले आहे की तंजावुरात आमच्याकडे चला, राजवाड्याजवळच घर आहे, बोलायला चार मराठी घरं आहेत. ते हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. मग मी चौकोन बघते. एका म्हाताऱ्या माणसाची खुशाली आकाशातून कळत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. शिकवतेच मी ते, की एखाद्या घरातला बल्ब या चित्रात येतच नाही. नवं चित्रही महिन्यातून एकदाच येतं. तरी रोज बघते.

पावसाळ्याच्या महिन्यांत इकडे ढग हटत नाहीत, चित्रात नुसती भोकं राहतात. ते दिवस मला जड जातात. यंदा ढग सरले, नवं चित्र आलं, मी ते मोठं केलं आणि कॉफी तशीच खाली ठेवली. अप्पांचा चौकोन अर्ध्याहून जास्त विझला होता.

मन चिंती ते वैरी न चिंती. तार तुटली असेल, साथ आली असेल, गावच उठलं असेल. फोन लावला. अप्पांनी उचलला आणि "बरा आहें, काय तें?" म्हणून ठेवूनही दिला. माझं समाधान होईना. दुपारचा तास कोणाच्या तरी गळ्यात टाकला आणि बस पकडली. बस प्रत्येक थांब्यावर इतकी रेंगाळत होती की उतरून चालत सुटावंसं वाटलं.

पोचले तेव्हा नुकतं अंधारत होतं, आणि गल्लीत लख्ख उजेड. खांबाखांबावर नवे पांढरे एलईडी! जुने पिवळे दिवे काढून टाकले होते. उपग्रहाच्या डोळ्याला पिवळा-तांबडा उजेड नीट दिसतो, हा निळसर पांढरा फार कमी दिसतो. म्हणून गावात उजेड वाढला तरी चित्रात गाव मंद होतं. हे मी वर्गात तोंडपाठ सांगते. बापाच्या चौकोनावर आलं तेव्हा एक अक्षर आठवलं नाही. उंटावरून शेळ्या हाकल्या की असंच व्हायचं. मला हसू आलं, माझंच.

ते हसू गल्लीच्या टोकापर्यंतही टिकलं नाही. त्या लख्ख उजेडात एकेका दाराचं कुलूप चकाकत होतं. कोणी चेन्नईला गेलं, कोणी बेंगळुरूला. सगळी गल्ली ओलांडली तरी एका घरातून फोडणीचा वास आला नाही. अप्पा दारापुढच्या तिण्णैवर, म्हणजे आमच्या ओट्यावर, बसले होते. आत खिळ्याला किल्ल्यांचा जुडगा होता, मागच्या खेपेपेक्षा जाड झालेला. जो जातो तो किल्ली यांच्याकडे देतो. उपग्रह चुकला होता, पण गाव खरंच विझत चाललं होतं. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी भांडते.

"चला माझ्याबरोबर. उद्यांच."

"किल्ल्या कोणाकडे देऊं?"

"किल्ल्यांना काय जेवायला वाढतां कां तुम्ही? पुन्हा पडलां तर तीं कुलुपं उचलणार आहेत तुम्हांला?"

"ओरडूं नको अम्मा. लोक बघतील." लेकीला अम्मा म्हणायची ही इकडची तमिळ रीत.

"कोण बघणार? आहे कोण इथें?"

मग माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही आहां की नाहीं तें मला रोज सकाळीं त्या चित्रांत शोधावं लागतं, अप्पा." आणि मला रडू आलं.

त्यांनी खांबावरच्या दिव्याकडे बघितलं. मग जुन्या नोकरीतल्यासारखी चौकशी केली, "केव्हां जातें तें यंत्र वरून?"

"मध्यरात्र उलटल्यावर."

"तेव्हां माझ्याकडे सगळं बंद असतें," एवढंच म्हणाले आणि रसम गरम करायला आत गेले. दुसऱ्या दिवशी मी एकटीच परत आले. बसमध्ये सगळा वेळ मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होते.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी फोन वाजला. अप्पा स्वतःहून कधी फोन करत नाहीत, त्यामुळे नाव बघताच मी झडप घालून तो उचलला.

"काय झालं अप्पा?"

"कांहीं नाहीं. तूं येऊन गेलीस तेव्हांपासून बाहेरचा बल्ब रात्रभर चालूच ठेवतों. मोठा आणून लावला." मग त्यांनी विचारलं, "दिसतों कां मी?"

लॅपटॉप समोर उघडाच होता. नवं चित्र अजून आलं नव्हतं, आणि आलं तरी तो बल्ब त्यात येणार नव्हता.

"दिसतां, अप्पा."

"सरी, बरं," ते म्हणाले. "मग असूं दे चालू."