स्वयंपाकघर दुसऱ्या लाईनवर

लेक पुण्याला नोकरीला गेली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप माझ्यासाठी ठेवून गेली आणि जाताजाता त्यात एक खेळ टाकून गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई उठसूट फोन करून भंडावून सोडणार, ही धास्ती त्यामागं होती, हे मला कळत होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. वर्षभर पोरांवर ओरडायची सवय, सुट्टी लागली की ओरडायला कुणी उरत नाही. म्हणून बसले खेळत.

खेळ मारामारीचा नव्हता. कुठल्याशा ओसाड माळावर सात-आठ माणसं अडकून पडलेली असतात. त्यांना घर बांधून द्यायचं, खायला घालायचं, वीज द्यायची, आणि ती जगतात का ते बघायचं. नवरा म्हणाला, घरचा संसार कमी पडला म्हणून हा दुसरा मांडलास का. मी म्हटलं, या संसारात माणसं सांगितलेलं ऐकतात तरी.

त्यातलं विजेचं प्रकरण मला लगेच जमलं. दिवसा सौर पाट्या वीज देतात, ती बॅटऱ्यांत साठते. एक कोळशाचा जनरेटरही असतो, पण तो पेटवला की एक माणूस सतत कोळसा खणत बसतो आणि शेत पडून राहतं. म्हणून जनरेटर सगळ्यात शेवटी, बॅटरी अगदी तळाला गेली की मगच सुरू होईल असा लावायचा. जिंतुरात राहणाऱ्या बाईला हे काय शिकवायचं? लाईट जायच्या आत टाकी भरून, मिक्सर फिरवून, इस्त्री उरकून मोकळं व्हायचं, यात माझा अर्धा जन्म गेलाय.

मी वायरिंगच्या दोन लाईनी केल्या. पहिल्या लाईनवर महत्त्वाचं: दवाखाना, कारखाना आणि सगळे जिथं बसतात ती बैठकीची खोली. दुसऱ्या लाईनवर किरकोळ: कोठी, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर. बॅटरी निम्म्यावर आली की दुसरी लाईन आपोआप तुटायची, तिथले दिवे-पंखे बंद पडायचे, पहिली चालू राहायची. कोळसा वाचला, बॅटरी टिकली. मी स्वतःवर फार खूश होते. लेकीला फोन करून सांगितलंही.

मे महिन्यातली दुपार होती. आमची लाईट गेलेली होती, आणि हॉलमधले पंखे इन्व्हर्टरवर चालले होते. सासरे आरामखुर्चीत, नवरा दिवाणावर टीव्हीपुढं, आणि मी जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन. खेळात धुळीचं वादळ आलं. सौर पाट्या झाकोळल्या, बॅटरी निम्म्याखाली उतरली, दुसरी लाईन तुटली. सगळं मी ठरवल्याप्रमाणं चाललं होतं. जनरेटर पेटायला अजून बराच अवकाश होता.

तेवढ्यात खेळातला आचारी पडला.

आचारी म्हणजे एक टकला, दाढीवाला माणूस. मला तो आवडायचा, कारण कुरकुर न करता राबायचा. चुलीपुढं उभ्याउभ्या तो आडवा झाला आणि त्याच्या डोक्यावर लाल खूण लुकलुकायला लागली. बाकीचे सगळे बैठकीत गार हवेत बसून जेवणाची वाट बघत होते. मी तोंडानं अगंबाई म्हटलं असणार, कारण सासरे उठून माझ्या मागं आले. चष्मा नाकावर चढवून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मी त्या आचाऱ्यावर बाण नेला तसं पडद्यावर कारण उमटलं: उष्माघात, कामाची जागा फार तापलेली. मी त्यांना मराठीत सांगितलं.

त्यांना खरंच वाईट वाटलं. सासरे मनानं मऊ आहेत, गल्लीतल्या कुत्र्यालाही उन्हात बसू देत नाहीत.

"अगं माय, चुलीपुढं पंखा न्हाई का दिला त्याला?" ते म्हणाले. "मरंल की ते मानूस."

दिवाणावरून नवऱ्यानं मान वळवली. "कोणी केली गं ही वायरिंग? त्याला अक्कल हाय का न्हाई?"

चहाची वेळ झाली होती म्हणून मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. तिथं माझा भिंतीवरचा पंखा बंद होता. लाईट गेली की तो बंदच असतो, इतकी वर्षं बंदच होतो. खिडकीतून झळ येत होती. हातात काडेपेटी घेऊन मी उभी राहिले आणि मला गॅस पेटवताच येईना.

गेल्या मे महिन्यात मी याच ओट्यापुढं पडले होते. तव्यावर भाकरी होती. ती करपल्याचा वास हॉलमध्ये गेला तेव्हा नवरा धावत आला. डॉक्टरांनी बीपी कमी झालं म्हणून सलाईन लावलं. घरात सगळ्यांनी ठरवलं, उपवास बाधला. जाऊबाईंनी फोनवरून तेच ठरवलं. आणि मीही तेच म्हणत होते. संकष्टी सोडली, गुरुवार सोडले. पंख्याचं नाव कुणीही काढलं नव्हतं. एका खेळानं टकल्या आचाऱ्याचं कारण क्षणात सांगितलं, आणि माझं कारण सांगायला एक वर्ष लागलं. हा मे अजून अर्धा बाकी होता, आणि मी रोज त्याच जागी उभी राहत होते.

आधी मी सुन्न झाले, मग संतापले. माझा संताप नेहमी उशिरा येतो, पण आला की भांड्यांना कळतो. चहा घेऊन बाहेर आले आणि कप आपटून विचारलं, घर बांधताना इन्व्हर्टरवर स्वयंपाकघर का घेतलं नाही, कुणाच्या डोक्यातून निघालं होतं ते. नवरा म्हणाला, वायरिंगच्या आठवड्यात मी ट्रेनिंगला परभणीला होतो. सासरे म्हणाले, मी बोरीला पेरणीवर होतो. दोघंही खरं बोलत होते. म्हणजे वायरमननंच आपल्या मनानं केलं असणार. त्याला मी तिथल्या तिथं फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावून घेतलं.

तो आला. वयस्कर, सरळ माणूस, आमच्या अख्ख्या गल्लीची फिटिंग त्याचीच. मी त्याला वर्गात उभं करावं तसं दारात उभं केलं. हॉल घेतला, टीव्ही घेतला, दोन्ही बेडरूम घेतल्या, फाटकावरच्या दिव्यालासुद्धा लाईन दिली, मग घरातली बाई काय माणूस नव्हती का, असं सगळं ऐकवलं. तो गोंधळून माझ्याकडं बघत राहिला.

"ताई, तुमीच मनल्या होत्या की," तो हळूच म्हणाला. "मी इचारलं होतं, किचनमधी द्यायचा का पॉइंट. तुमी मनल्या, नका देऊ, तितं कोन बसतंय."

मला एकदम आठवलं. नव्या भिंतींचा ओला वास, माझ्या हातात त्याच्यासाठी आणलेला चहा, त्याच्या कानावर खोचलेली पेन्सिल. आणि माझा आवाज. तिथं कोण बसतंय. मी हे अगदी सहज बोलले होते, कुणाच्या दबावाखाली नाही, त्यागबिग म्हणून नाही. तिथं खरंच कुणी बसत नव्हतं. तिथं मी उभी असायची. मी दाराची चौकट धरली.

नवरा आणि सासरे दोघंही ऐकत होते. कुणी हसलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

वायरमननं शिडी लावली, इन्व्हर्टर पाहिला, बॅटरीचं पाणी पाहिलं. बॅटरी जुनी झालीय, म्हणाला. स्वयंपाकघरातला पंखा आणि ट्यूब घ्यायची तर दुसरं काहीतरी काढावं लागेल, नाहीतर अर्ध्या तासात सगळंच बसेल. काय काढू, असं त्यानं विचारलं. नवरा टीव्हीकडं बघत होता, सासरे पंख्याकडं.

"राहू द्या मग," मी म्हटलं.

वायरमननं टेस्टर खिशात टाकला आणि शिडीवरून उतरायला लागला. इतकं सोपं होतं ते. पेटलेला सगळा संताप, रात्रभर घोकलेली वाक्यं, आणि वेळ आल्यावर माझ्याच तोंडातून तेच निघालं. ते शब्द मी बोलले नव्हते, ते आपोआप आले होते, बॅटरी निम्म्यावर आली की दुसरी लाईन तुटते तसे. मला स्वतःची भीती वाटली.

"थांबा," मी म्हटलं. "टीव्हीचा काढा."

सासऱ्यांनी जाऊन शिडी धरली.

त्याच संध्याकाळी मी भाकरी थापत होते. पंखा पाठीवर वारा घालत होता, गॅसची जोत हलत नव्हती, ट्यूब चालू होती. परातीत पीठ, हात पिठात, डोक्यात शाळेचं काहीतरी. हॉलमधून नवऱ्याचा आवाज आला.

"अगं, लाईट गेली का?"

आमच्या घरात हा प्रश्न त्या बाजूनं कधीच आला नव्हता. नेहमी मी आतून ओरडायची, लाईट गेली, आणि ते तिकडून म्हणायचे, गेली का? कळलंच नाही. त्या 'कळलंच नाही'चा मला किती राग होता सांगू! लबाड बोलतात, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. घामानं पदर भिजायचा आणि यांना म्हणे कळत नाही.

"गेली का?" मी म्हटलं. "मला कळलंच नाही."

तिकडं सासरे हसले. त्यांना वाटलं सून टोमणा मारतेय. पण मी भाकरी हातात धरून तशीच उभी होते, कारण मला खरंच कळलं नव्हतं.