पुंजन्यावरची रेंज
काल बाजारात धानाच्या वाळल्या तणसाच्या गाडीजवळून गेले आणि त्या वासानं करडी गावातल्या आमच्या खळ्यात जाऊन पोहोचले. कोरोनाच्या वर्षी ऑफिसचं काम घरूनच चालायचं. रेंज मिळायची ती फक्त धान कापून रचलेल्या उंच पुंजन्यावर, म्हणून मीटिंग असली की बाबा माझा मोबाईल घेऊन वर चढत आणि हात उंच करून उभे राहत. त्याच्या नेटवर खाली खाटेवर माझा लॅपटॉप चाले. त्या दुपारी हेडफोनमध्ये मॅनेजर मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, आजपासून आपली टीम बंद. सहकाऱ्यांचे चेहरे एकेक करून गेले आणि लॅपटॉप आपोआप लॉक झाला. "बाई, दिसून राहिले का ते लोक?" बाबांनी वरून विचारलं. "हो बाबा. उतरा आता, हात दुखत असंल." "माह्या हाताले काही होत नाही. तू कर तुह्यं काम." मला सांगवेना. मी काळ्या पडद्यासमोर बोटं चालवत राहिले आणि ऊन उतरेपर्यंत ते तसेच उभे होते. आता घरबसल्या रेंज येते, दुसरी नोकरीही आहे, बाबा मात्र नाहीत. मीटिंगमध्ये चित्र अडकलं की माझी मान अजून वर जाते.