मावशींच्या नावावरची खिडकी

काटोल रोडवर संत्र्याचा रस काढायचा एक कारखाना होता, तिथे मी क्वालिटीचं काम बघायची. प्रत्येक कामगाराने महिन्याला एक सुधारणा सुचवायचीच, असा तिथला नियम. माणसाला दर महिन्याला नवं सुचणार तरी काय? झाडू कुठे टांगावा, चपला कुठे काढाव्या, हे सगळं पहिल्या सहा महिन्यांतच सुचवून संपलं. मग महिनाअखेरीला मी कोरे अर्ज घेऊन कॅन्टीनमध्ये बसायची आणि लोकांच्या नावाने स्वतःच सूचना लिहायची. ते येऊन सही करून जायचे. यात काही वाकडं आहे असं मला वाटत नव्हतं. उलट आपल्याला बरं सुचतं, याचा गर्वच होता.

रसाच्या मशीनवर पन्नाशीच्या एक मावशी होत्या. संत्र्यांबरोबर येणारी पानं, काटक्या आतल्या दातेरी रुळांत अडकायच्या. रुळांपुढे लोखंडी जाळी होती. ती उघडली की मशीन आपोआप बंद व्हायचं. मावशी कचरा काढायच्या, जाळी लावायच्या, आणि मशीन पुन्हा वेग धरेपर्यंत चार-पाच मिनिटं जायची. एका महिन्यात नेमका त्यांचाच अर्ज कोरा राहिला, आणि साहेब फोनवर फोन करत होते. मी घाईघाईत लिहिलं: जाळीला वीतभर खिडकी ठेवावी, म्हणजे मशीन न थांबवता चिमट्याने कचरा काढता येईल.

मावशींनी न वाचता सही केली. म्हणाल्या, "तुम्ही लिवलं तं बराबरच असन, मॅडम."

वेळ वाचणार म्हणून साहेब खूश झाले. आठवड्यात खिडकी कापली गेली. मावशींना पहिलं बक्षीस मिळालं, प्रेशर कुकर, आणि गेटजवळच्या बोर्डावर त्यांचा फोटो लागला.

पंधरा दिवसांनी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. चोराच्या मनात चांदणं, मी आधीच फाइल उघडून बसले.

"मॅडम, चिमट्यानं काही निघत नाही. हातच घालावा लागते. आत रूळ फिरूनच राहते. मले भेव लागते."

"मग मशीन बंद करून काढा ना, मावशी."

"बंद केलं तं सुपरवायझर म्हनते, तुम्हीच तं खिडकी मागतली, आता बंद काहून करता?"

हे त्याच दिवशी साहेबांना सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे अर्ज कोणी लिहिला तेही सांगावं लागलं असतं, आणि मग बाकीच्या अर्जांचं काय? मी म्हटलं, "एवढा सीझन जाऊ द्या, मग बघू." मावशी परत मशीनवर गेल्या.

त्यानंतर माझं कान देऊन ऐकणं सुरू झालं. माझ्या खोलीत मशीनची घरघर यायची. ती थांबली की मी आधी वर पंख्याकडे बघायची. पंखाही थांबलेला असला म्हणजे लाइट गेली, एवढंच. असे दोन महिने काढले. मी भित्री आहे हे मला तेव्हा पक्कं कळलं. एका दुपारी घरघर थांबली आणि पंखा फिरत होता.

उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशीला साहेब होते, सुपरवायझर होता, आणि लिहून घ्यायला मी होते. साहेबांनी तो अर्ज मावशींपुढे ठेवला. "ही सूचना तुमचीच ना? सही तुमचीच?"

मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. पट्टी बांधलेला हात पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, "हो साहेब. माहीच."

मी ते लिहून घेतलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

नंतर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "मावशी, खरं काहून नाही सांगितलं?"

"तुमचं नाव घेतलं असतं तं तुमची नोकरी गेली असती," त्या म्हणाल्या. "माहे बोटं थोडीच वापस आले असते? अन् खरं तं तुम्हालेबी माहीत होतं, मॅडम."

आतून साहेबांनी हाक मारली. अहवालात कारण लिहिलं होतं: कामगाराच्या स्वतःच्या सूचनेनुसार केलेला बदल. खाली माझ्या सहीची जागा मोकळी होती. मी आत गेले आणि सही केली.