सोळा पावलं

मी मंद्रूपला शिक्षक होतो, तेव्हा बाजाराच्या मैदानात दर हिवाळ्यात तंबूतला सिनेमा यायचा. त्याचं मशीन चालवणाऱ्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. दिवस कलला की तो पडद्याला पाठ लावून उभा राहायचा, तिथून सोळा पावलं मोजत चालायचा आणि थांबेल तिथं मशीन मांडायचा.

त्या वर्षी पडदा नवा होता, चांगला मोठा. तरी पावलं सोळाच. त्यामुळं चित्र मधेच पडायचं आणि चारी बाजूंनी हातभर कोरं कापड उरायचं. मला असला अर्धवटपणा खपत नाही. तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांदेखत त्याला झापलं, "अहो, मशीन चार पावलं मागं घ्या की! पडदा भरू दे."

तो मशीनला तेल घालत होता. मान वर न करता म्हणाला, "मागं घ्याया येतंय, मास्तर. सोळा पावलांचा पडदा बायकोनं शिवला हुता. औंदा अक्कलकोटच्या वाटंवर ती गेली. रानात कापड कुटनं आणायचं? त्याच पडद्यात गुंडाळली तिला."

नुसतं 'राहू द्या' म्हणायचं होतं. तेही मला सुचलं नाही.

पुढच्या संध्याकाळी तो सोळा पावलं चालून थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि आणखी चार पावलं टाकली. चित्र चारी कडांना टेकलं. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. मला पडद्याकडं बघवेना.