सत्काराला आलेली चाती

सांगलीत स्टेशनपलीकडच्या नव्या वस्तीत आम्ही राहायला गेलो तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. गल्लीत सगळे कारकून, मास्तर आणि पेन्शनर. अशाच एका पेन्शनरांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्हांला भाड्याने मिळाल्या. वडील कचेरीत पट्टेवाले होते. जतकडच्या माळावर मेंढरांमागे वाढलेल्या या माणसाने मुलाला शिकवायचे म्हणून वीस वर्षे छातीवर बिल्ला लावून दुसऱ्याच्या दाराशी उभे राहून काढली. मी जो काही आहे तो त्या उभे राहण्यामुळे आहे, आणि हे मी कुणासमोरही सांगेन.

त्या घरात आम्ही झपाट्याने गल्लीसारखे झालो. आईने दाराला पडदा शिवला. लढाईचे दिवस, साखर रेशनची, तरी पाहुण्याला चहा कपबशीतूनच. मी आई-वडिलांचे बोलणे सुधारीत असे. त्याची आज लाज वाटते.

मी बी.ए.च्या वर्गात असताना वडिलांना जमादार केले. हाताखाली चार पट्टेवाले आले. गल्लीने अभिनंदन केले आणि त्याच आठवड्यापासून वडिलांचे जेवण तुटले. पंचेचाळिशी उलटलेली, दुखणे काही नाही. आईने विचारले की म्हणत, करमत नाही. एका रविवारी ते जतला गेले आणि परत आले ते काखेत लोकरीचे गाठोडे आणि हातात चाती घेऊन. चाती म्हणजे लोकर कातायची लाकडी काडी. मांडीवर घासून गिरकी दिली की ती लोंबकळत फिरते आणि सूत निघते. आमच्याकडे मेंढरांमागे चालता चालता पुरुष हेच करतात. वडील आता कचेरीतून आले की बिल्ला खुंटीला अडकवीत आणि गल्लीतून सूत कातत फिरत. पुढे मेंढरे नव्हती, एवढाच फरक.

समोरच्या मास्तरांनी एकदा हटकले, "काय जमादार, कळप कुठं चुकला?"

"हितंच हाय की. खिडक्यांतनं बघतोय."

घरमालकांनी मात्र आईला बोलावून सांगितले की ही सभ्य माणसांची वस्ती आहे. आई रडकुंडीला आली. म्हणाली, "आवं, लोकं बघत्यात."

"बघू दे. वीस वरसं दुसऱ्याच्या दारात हुबा ऱ्हायलो, तवा कुनी बघितलं न्हाई."

त्या दिवसापासून त्यांचे जेवण मात्र परत सुरू झाले. हे आईच्या लक्षात आले. माझ्या आले नाही.

मी बी.ए. पास झालो. मालकांनी आपल्या ओसरीवर माझा सत्कार ठरवला, आणि निरोप दिला की वडिलांनी कोट-टोपी घालून, हात मोकळे ठेवून यावे. मलाही तेच हवे होते. म्हणून त्या सकाळी मी चाती माझ्या ट्रंकेत, पुस्तकांखाली लपवली. वडिलांनी दिवसभरात चाती मागितली नाही. संध्याकाळी एवढेच म्हणाले, मी येत नाही, तू जाऊन ये. आईही थांबली.

ओसरीवर खुर्च्या मांडल्या होत्या. मालक माझ्याबद्दल फार चांगले बोलले. शेवटी म्हणाले, असल्या घोंगड्या-मेंढरांच्या घरातून हा मुलगा स्वतःच्या बळावर बाहेर पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या बळावर! माझ्या गळ्यात हार होता. मी तसाच उठलो आणि मागच्या खोलीत आलो. ट्रंक उघडून चाती वडिलांपुढे धरली.

"सकाळीच बघितली मी ती," वडील म्हणाले.

"मग काढून घेतली का नाहीत?"

"तुझा सत्कार हुता. एक दिस तुझा, म्हनलं."

 चला, मी म्हणालो. पण आधी उठली ती आई. तिने खाटेवरची जुनी घोंगडी ओढली, पुढे होऊन मालकांच्या ओसरीवर, खुर्च्यांच्या मधोमध ती अंथरली आणि वडिलांना म्हणाली, "बसा हितं."

वडील बसले. मांडीवर चाती घासली, गिरकी दिली. मालकांनी खुर्चीकडे बोट दाखवले. वडील म्हणाले, "बरं हाय हितं. तुमचं चालू द्या." मी हार त्यांच्या गळ्यात घातला आणि खुर्ची सोडून घोंगडीवर बसलो. समोरच्या मास्तरांनी खाकरून पेढे वाटायला सुरुवात केली.

पुढच्याच महिन्यात खोल्या सोडाव्या लागल्या. आम्ही मिरजेच्या वाटेवर, रानाच्या कडेला घर घेतले. आईने पडदा तिथेही लावला. तिला तो आवडायचा, गल्ली असो वा नसो.

वडिलांच्या सुताची घोंगडी जतच्या विणकऱ्याने विणून दिली. साताऱ्याच्या एका शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा पाऊस धरून होता आणि मी तीच पांघरून गेलो होतो. हेडमास्तरांनी चष्म्यावरून पाहत विचारले, छत्री नाही का तुमच्याकडे?

"छत्री आहे," मी म्हणालो. "हिचं सूत माझ्या वडिलांनी कातलं आहे."